खुटबावच्या खोलीतलं मशीन पुण्याला हलवण्याबाबत

निमोणे, ता. शिरूर
मंगळवार

तीर्थस्वरूप रखमाजी आबांच्या पायांशी निमोण्याच्या हनुमंताचं डोकं. कुशाआत्यांना नमस्कार. धाकट्या भिमाला आशीर्वाद, आन् लगीन ठरलं त्याबद्दल आणखी एक आशीर्वाद (तो नवरीला जास्त लागणार हाय, तिच्यापर्यंत पोचवावा). इकडं आम्ही सगळे खाऊनपिऊन हाय. तुमचा गुडघा कसा हाय, डोळ्यातला पडदा वाढला का, तंबाखू कमी केली का, हे रीत म्हणून विचारतो, उत्तर येणार न्हाई हे ठाऊक हाय. ज्या फोनवर तुमचा ज्ञानेश गेल्याची बातमी आली तो फोन तुम्ही कडब्याच्या गंजीत फेकला, आन् त्यानंतर दुसरा कानाला लावला न्हाई. त्यात माझी काही तक्रार न्हाई, मी बी फेकला असता. म्हणून कागद लिहितोय. तुम्हाला अक्षर दिसत न्हाई, कुशाआत्यांना वाचता येत न्हाई, भिमाला वाचता येतं पण तो वाचत न्हाई, म्हंजी हा कागद नेहमीसारखा तुमची सून, माझी बहीण सुषमाच वाचून दाखवणार. (सुषमा, सावकाश वाच. आधी आबांना चहा दे, लांबण हाय.)

मुद्द्याची गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण माझं बोलणं लांबतं आन् तुम्ही मधीच उठून गोठ्यात जाता. तुमच्या मागल्या खोलीत आमच्या दूध केंद्राचं जे मशीन हाय, ज्याला सर्व्हर म्हणत्यात, ते येत्या रविवारी पुण्याला जातंय. म्हंजी खोली मोकळी होतेय. भिमाच्या लग्नाआधी खोली मोकळी करा असं तुमच्या घरून सारखं सांगणं येत होतं, तर घ्या, झाली मोकळी. राहता राहिली त्या खोलीत राहणारी सुषमा. कुशाआत्या म्हणत्यात, ती पडवीत झोपंल. भिमा म्हणतो, माहेरी जाईल. आन् तुम्ही काहीच म्हणला न्हाई. पडवीचं काय करायचं ते मला कळतं, माहेराचं बी कळतं, पण तुमच्या ह्या काहीच न म्हणण्याचं काय करायचं ते मला कळंना, म्हणून हा उद्योग.

आता हे मशीन तुमच्याकडं आलंच कसं, ते तुम्हाला ठाऊक हाय, तरी परत सांगतो, कारण अलीकडं तुमच्या घरात सगळे असं बोलत्यात की मी ते तुमच्या उरावर आणून बसवलं. इकडं केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ दूध येतं, कुणाचं किती, फॅट किती, ते सगळं निमोण्याच्या मोठ्या मशीनमधी जातं. पुण्याच्या ज्या कंपनीला आम्ही दूध घालतो तिचा नियम असा की त्याची एक नक्कल लांब कुठंतरी दुसऱ्या मशीनमधी पाहिजे. आग लागली, वीज पडली, तर दोन्ही एकदम जाऊ नयेत. त्यासाठी पुण्यात भाड्यानं जागा मिळते, त्याला डेटा सेंटर म्हणत्यात. मशीन आपलं; जागा, वीज, गारवा आन् राखण त्यांची. तवा ज्ञानेशच म्हणला, "दादा, पुण्याला कशाला पैसं घालता? नदीच्या अलीकडं एक ठेवा, पलीकडं एक. माझी खोली हाय की." आमचं सगळं कॉम्प्युटरचं काम तोच बघायचा. लोखंडी अँगल कापून त्यानं स्वतः मांडणी केली, वायरी ओढल्या, एसी बसवून घेतला, आन् त्या गळिताच्या हंगामात पाटसच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. ते मी परत लिहीत न्हाई.

तो गेल्यावर मशीन मी हलवलं न्हाई, खोलीचं भाडं बी चालू ठेवलं, आन् ते सुषमाच्याच हातात दिलं. मशीनच्या काळजीनं न्हाई, आबा. मशीन खोलीत हाय तोवर ती खोली सुषमाची हाय, एवढाच माझा हिशोब होता. नवरा गेलेल्या पोरीला कुणी खोली देत न्हाई, पण दूध कंपनीच्या मशीनला कुणी हात लावत न्हाई. तुम्ही हे ओळखलं नसंल असं मला वाटत न्हाई. तुम्ही मेंढरं वळलेला माणूस, कुठलं कोकरू कुठं दडलंय ते तुम्हाला न सांगता कळतं.

तर बिघडलं कुठं ते ऐका. मशीनला गारवा लागतो म्हणून एसी, आन् एसी हाय म्हणून एप्रिलपासून तुम्ही सोडून सगळं घर त्या खोलीत. कुशाआत्यांचं दही तिथं, लोणी तिथं, भिमा दुपारी तिथं आडवा, शेजारच्या सरूबाई नातवंडं घेऊन तिथं. सुषमा बिचारी दारात बसून धान्य निवडायची, कारण आत जागाच न्हाई. इथवर मी काही म्हणलो न्हाई. पण एका संध्याकाळी कुशाआत्या सहज मशीनपाशी गेल्या आन् हात लावला तर ते गार! "एवढ्या गारठ्यात लेकराचं मशीन उघडंच," म्हणल्या आन् घोंगडी आणून त्याच्यावर घातली. चांगली खोसून, चहूकडून, वारं शिरणार न्हाई अशी. आता मशीन वरून गार असलं तरी आतून तापतं, त्याला मोकळा वारा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? त्या घोंगडीत ते गुदमरून बंद पडलं. बरं, कवा पडावं? त्याच रातीला निमोण्यात वळीव आला, खांबावर वीज पडली आन् आमचं मोठं मशीन जळालं. मी ऐटीत सगळ्यांना सांगतोय, घाबरू नका, खुटबावला नक्कल हाय. आन् खुटबाव गप्प!

पुढं काय झालं ते सांगायला मला आज बी घाम येतो. कुणी किती दूध घातलं ह्याचा कुठं पत्ता न्हाई म्हणल्यावर सगळ्या निमोण्याच्या म्हशी एका रात्रीत दुभत्या झाल्या. आटलेल्या म्हशीचं दूध सांगायला आले लोक. एकानं तर जी म्हैस चैतातल्या बाजारात विकली तिचं बी दूध सांगितलं. केंद्राच्या दारात अशी गर्दी की शितल (माझी बायको, तिचा तुम्हाला नमस्कार) म्हणली, तुम्ही मागल्या दारानं रानात जा, मी सांगते वारले. शेवटी सुषमानं घोंगडी काढली, मशीन निवू दिलं, ज्ञानेशनं दाखवलं होतं तसं चालू केलं आन् सगळं जसंच्या तसं निघालं. मी फोनवर कुशाआत्यांना चांगलं झापायच्या तयारीत होतो. मग सुषमा हळूच म्हणली, "दादा, घोंगडी ह्यांचीच होती." मी फोन ठेवून दिला.

पण बोंब कंपनीपर्यंत गेली. तिथून एक साहेब तपासायला खुटबावला आला, तो दिवस तुम्हाला आठवत असंल, तुम्ही ओट्यावर बसून होता आन् त्यानं मालक कोण विचारल्यावर त्याच्याकडं नुसतं बघितलं. साहेब आत गेला. मशीनवर हळदीकुंकू, त्याच्यावर ज्ञानेशचा हार घातलेला फोटो, बाजूला दह्याची गाडगी. वायरी बघायला मागं वाकला, तर मशीनच्या मागून गरम वारं येतं तिथं कुशाआत्यांनी खुडूक कोंबडी बसवलेली! तिनं साहेबाच्या मनगटाला अशी चोच मारली की रक्त आलं. साहेब ओरडला, हे डेटा सेंटर हाय का खुराडं? सुषमा म्हणली, "दोन्ही हाय साहेब. पण अंडी उबायला आलीत, आज हलवता यायची न्हाईत." (सुषमा, हे तू खरंच म्हणलीस का? सरूबाईंकडून कळलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी हसलो.) साहेब हसला न्हाई. त्यानं लिहून दिलं की जागा अयोग्य, मशीन रीतसर भाड्याच्या जागेत हलवा, न्हाईतर दूध बंद.

मग सुरू झाली जागेची शोधाशोध. शिरूरला एक बटाट्याच्या शीतगृहाचा मालक म्हणला, माझ्याकडं ठेवा, बटाट्याला गारवा तो मशीनला गारवा. जाऊन बघतो तर भिंतींना पाणी सुटलेलं, पोती हिरवी पडलेली. म्हणलं, मशीनला मोड येतील. पुण्यात एकानं इमारतीच्या तळघरातली जागा दाखवली. आम्ही पायऱ्या उतरलो तर खाली घोट्याएवढं पाणी, आन् तो गडी पँट वर खोचून सांगतोय की पुरापासून संपूर्ण सुरक्षित. शेवटी पुण्याच्या कडेला एक खरंखुरं डेटा सेंटर सापडलं. भाव करायला म्हणून पोपटराव मामांना संगं नेलं. (आमचे मामा, सबंध हयात मेंढरांमागं गेली, बोलण्यात कुणाला हार जात न्हाईत. ज्ञानेशच्या दहाव्याला तुम्हाला धरून बसले होते ते.)

मोठी इमारत, खिडकी एक न्हाई. समृद्धी नावाची एक शहाणी पोरगी आम्हाला सगळं समजावून सांगायला बसली. मांडणीतला एक कप्पा, भाकरीच्या चळतीएवढा उंच, त्याचं दरमहा भाडं इतकं. मामा ऐकत राहिले आन् म्हणले, "बरं. मग आमचं मशीन बसवायचं तुम्ही आम्हाला काय देणार?" पोरगी गांगरली. मामांचं म्हणणं साधं होतं. आपण दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवतो तर रानाचा मालक आपल्याला धान्य देतो, पैसं देतो, वर चहा पाजतो. बसायला आलेल्याला कुणी भाडं मागतं का? ती म्हणाली, "आजोबा, इथे उलटं असतं, जागा आमची म्हणून तुम्ही द्यायचं." मामा म्हणले, "जागा तर रानवाल्याची बी असती. मेंढरं खत सोडत्यात म्हणून तो देतो. आमचं मशीन काय सोडतं?" ती म्हणाली, "उष्णता." मामा म्हणले, "मग थंडीत ती तुम्हीच वापरणार की! त्याचं काय ते काढा." असं बराच वेळ चाललं. मी खाली मान घालून बसलो होतो, पण खोटं कशाला बोलू, भाडं थोडं उतरलं.

मग आत जायचं म्हणून अंगठा लावायचा होता. माझा लागला. मामांचा काही केल्या लागंना. मेंढरं कातरून कातरून बोटांवरच्या रेघा गेल्यात, त्या यंत्रानं सांगितलं की असा माणूसच न्हाई. राखणदार बिहारचा होता, भला माणूस, त्यानं खुर्ची दिली, "बाबा, आप इधर बैठो." मामा त्याच्याशी बसून राहिले, कुत्रं हाय का, रातीला जाळीची वाघर कुठली लावता, चौकशी करत. आत मी एकटा गेलो.

आबा, आतलं काय सांगू. नुसती कपाटं, ओळीनं, काळी. दिवे लुकलुकत्यात. थंडी अशी की कानशिलं दुखायला लागली. आन् माणूस एक न्हाई. मी विचारलं, इथं कुणी बसत न्हाई का? पोरगी म्हणाली, माणसं नसलेलीच बरी, माणूस आला की धूळ येते, चुका होतात. मी विचारलं, एखादं मशीन गेलं तर? ती म्हणाली, "तुम्हाला कळायच्या आत दुसरं त्याची जागा घेतं. काही थांबत नाही." चांगल्या मनानं सांगत होती, त्यांचं कौतुकच होतं ते. आन् मला तिथं रडू कोसळलं. भर डेटा सेंटरात, पायात त्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या, मी उभ्यानं रडलो. ती घाबरली, म्हणाली काहींना एसीचा त्रास होतो डोळ्यांना. म्हणलं, व्हय, एसीच. (आबांना पाणी दे, सुषमा. तू बी पी.)

कप्पा घेतला. सही केली. येताना चौफुल्याला एसटी बदलायला उतरलो तवा मामा म्हणले, खुटबाव हाकेवर हाय, भेटून जाऊ. मी न्हाई म्हणलो. कुठल्या तोंडानं येऊ? ह्याच हातानं सही करून तिची खोली घालवून आलो होतो. स्टँडवर आम्ही भेळ घेतली, ती कुणालाच गेली न्हाई. मामा म्हणले, "मशीनला जागा शोधत सगळं पुणं फिरलास. पोरीचं काय?" मी एसटी कवा येते ते बघायला गेलो.

घरी येऊन सुषमाला फोन केला. म्हणलं, इथं खोली झाडून ठेवलीय, केंद्राचं काम तुला येतं, तू कुणावर भार न्हाईस, ये. ती म्हणली, आबा बोलतील तसं करीन. म्हणलं, आबा बोलत कुठं? ती म्हणली, म्हणूनच थांबलेय. ज्ञानेश गेला त्या दिवशी तिनं त्याला लवकर या म्हणून फोन केला होता, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते, जणू गुन्हा केला. तुम्ही बी तसंच धरून बसलाय का, हे तिला ठाऊक न्हाई आन् मला बी न्हाई. बायको नवऱ्याला लवकर या न म्हणंल तर काय म्हणंल, आबा? उशिरा या म्हणंल? मला तुमचा राग येतो. मोठ्या माणसाचा राग धरू नये, पण येतो. आन् मग तुम्ही ओट्यावर एकटे बसलेले डोळ्यापुढं येता, तो बी जातो, मग मला काहीच सुचत न्हाई.

असो. रविवारी सकाळी टेम्पो येईल, मशीन नेईल. खोली भिमाला लखलाभ. चुकलंमाकलं पोटात घाला. कुशाआत्यांना सांगा, घोंगडी कुणी परत मागितलेली न्हाई, त्यांनी जपून ठेवावी.

तुमच्या सुनेचा भाऊ,
हनुमंत

ता. क. एसी आन् इन्व्हर्टर तिथंच ठेवतोय. नव्या नवरीला उकडायला नको. विजेचं बिल मात्र इथून पुढं भिमानं भरावं, म्हंजी त्याला बी जरा घाम येईल.

ता. क. दुसरा. सुषमा, एवढं मोठ्यानं वाचू नको, मनात वाच. टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा मी मोकळी ठेवायला सांगितलीय. तुझी पेटी शनिवारी बांधून ठेव. कुणी काही विचारलं तर मशीनसंगं जाणकार माणूस लागतो, कंपनीचा नियम हाय म्हण. तसा काही नियम न्हाई. मी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, पुण्याला मशीन उतरलं की तसाच निमोण्याला ये. पडवीत तुला झोपू द्यायला मी अजून मेलेलो न्हाई.

ता. क. तिसरा, हा आबांना. वरचा मजकूर तिनं मनात वाचला असंल असं तुम्हाला वाटत असंल तर तसं न्हाई, तिनं तो मोठ्यानंच वाचला. मागं मी दिवाळीत "हे आबांना सांगू नको" म्हणून काही लिहिलं होतं, तर तिनं "हे आबांना सांगू नको" इथपासूनच वाचायला सुरुवात केली. कुशाआत्यांनीच मला सांगितलं. तुमच्यापासून ती काही झाकत न्हाई. हे ठाऊक असूनच मी लिहिलं, म्हंजी टेम्पो, पेटी, सगळं तुमच्या कानावर आलं. साहेब, मामा, पुणं हा सगळा पसारा एवढ्याचसाठी मांडला, कारण जे मागायचंय ते एकदम मागायची लाज वाटत होती. खोली नको, आबा. भाडं नको, एसी नको. रोज ती तुमचं ताट वाढते, डोळ्यात थेंब घालते, आलेला कागद वाचते, आन् तुम्ही तिच्यासमोर बसून कुशाआत्यांना म्हणता, "तिला सांग, झालं." ज्ञानेश गेल्यापासून एक शब्द तुम्ही तिला स्वतः बोललेला न्हाई. बोला. राहा म्हणा, ती पडवीत बी राहील. जा म्हणा, ती टेम्पोत बसंल. शिवी द्यायची असंल तर द्या, फोन का केलास म्हणून विचारायचं असंल तर ते बी विचारा. पण तिला विचारा, तुमच्या तोंडानं. आता पुढं वाचायला काही उरलं न्हाई. ती कागदाची घडी घालंल आन् चुलीकडं जायला उठंल. ती उठायच्या आत बोला, आबा.